थोट्या बाईचा कोनाडा

९ सप्टेंबर

अक्का,

फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनानं भरतेस, म्हणून हे पत्र. मागच्या महिन्यात मी 'गुडघा धरलाय' म्हटलं, तर तू 'मुलगा पळालाय' असं ऐकलंस आणि आठ दिवस घोर लावून घेतलास. तेव्हा यापुढे कामाचं बोलणं कागदावर.

जुन्या इमारती बघत हिंडणाऱ्या आमच्या मंडळाबद्दल तुला माहीत आहेच. सगळे निवृत्त. वेळ भरपूर, आणि आम्ही घराबाहेर पडलो की घरचे खूश. यंदा कुठे जायचं यावर दोन बैठकी भांडून झाल्या. शेवटी मी तुझ्या गावचं चर्च सुचवलं. म्हटलं, चारशे वर्षांची भिंत आहे, वरच्या रंगीत काचा आहेत, आणि मुख्य म्हणजे किल्ली माझ्या सख्ख्या बहिणीच्या कमरेला आहे. एका झटक्यात ठराव पास.

तर येत्या एकवीस तारखेला, शनिवारी, सकाळी अकराच्या बसने आम्ही बारा जण येतो. दाताचे डॉक्टर आहेत, एक मुख्याध्यापिका बाई आहेत, गळ्यात कॅमेरा लटकवलेला एक फोटोवाला आहे. बाकीचे माझ्यासारखेच, कुठल्या ना कुठल्या कचेरीत खुर्ची झिजवलेले. मी पस्तीस वर्षं नकाशे काढले म्हणून या लोकांत माझी जरा पत आहे, तेवढी घालवू नकोस. मी लहानपणी तुझ्याकडे सुट्टीला आलो असताना घंटेच्या दोराला लटकलो होतो आणि भावजींनी मला कानाला धरून खाली उतरवलं होतं, ती गोष्ट कृपा करून सांगू नकोस.

दोन तास मोकळे ठेव. बाकी काही करू नकोस, डबे आम्ही आणतोय.

तुझा धाकटा


१३ सप्टेंबर

धाकट्या,

पत्र मिळालं. या. मी नाही म्हटलं तरी तू ठराव पास करून बसलास, मग विचारतोस कशाला?

उघडीन मी चर्च. तुझे भावजी एकतीस वर्षं घंटा वाजवत होते, ते गेल्यावर किल्ली माझ्याकडे आली. आलेल्याला मी दारातून परत पाठवलेलं नाही. पण चार गोष्टी तुझ्या लोकांना बसमध्येच सांग. वेदीच्या कठड्याच्या आत पाय टाकायचा नाही. भिंतीला टेकायचं नाही, चुना सुटतो. बाकांवर डबे उघडायचे नाहीत. आणि थोट्या बाईला हात लावायचा नाही.

थोटी बाई तू विसरला असशील, म्हणून सांगते. डावीकडच्या कोनाड्यातली लाकडी मूर्ती, माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत भरेल एवढी. कोण्या संतिणीची आहे म्हणतात, नाव कुणालाच ठाऊक नाही. उजवा हात मनगटापासून गेलाय, तोही कधी गेला ते कुणी सांगू शकत नाही. फादर दर दुसऱ्या रविवारी येतात, त्यांच्यावर तीन गावं आहेत. मधल्या दिवसांत ज्याला काही बोलायचं असतं तो थोट्या बाईशी बोलतो. तुझे भावजी गेले तेव्हा मी वर्षभर तिच्याशीच बोलत होते. बाकी कुणाला ऐकायला वेळ नव्हता.

आता विचारते ते नीट ऐक. तुझ्या बारा जणांत बिशपांच्या वरच्या कार्यालयातलं कुणी नाही ना? किंवा संग्रहालयातलं? तीन वर्षांपूर्वी शेजारच्या गावात असेच आठ-दहा जण 'बघायला' आले होते. गोड बोलले, फोटो काढले. दोन महिन्यांनी कार्यालयाचं पत्र आलं की तुमची रंगवलेली फळी दुरुस्तीला न्यायची आहे. फळी गेली ती गेलीच. आता तुमच्या शहरात काचेच्या पेटीत उभी आहे आणि शेजारच्या गावच्या म्हाताऱ्या तिकीट काढून तिला बघायला जातात. दुधानं तोंड पोळलंय, म्हणून ताकही फुंकून पिते.

माणसं कोण आहेत ते कळव.

अक्का


२४ सप्टेंबर

धाकट्या,

तुम्ही शनिवारी तीनच्या बसने गेलात. रविवारी सकाळी मी चर्च उघडलं. कोनाडा रिकामा होता.

मी काय लिहिते ते तू दोनदा वाचशील म्हणून दोनदा लिहिते. थोटी बाई कोनाड्यात नाही.

तू माझ्या पत्राला उत्तर दिलं नाहीस, माणसं कोण ते कळवलं नाहीस. मी समजले, कामात असेल. पण शनिवारी मीही डोळे उघडे ठेवून होते. मुख्याध्यापिका बाईंनी मला चांगलं विचारलं, चांगलं ऐकून घेतलं. दाताचे डॉक्टर मोठ्यानं बोलतात, ते मला बरं पडतं. फोटोवाल्याला मी दोनदा कठड्याच्या बाहेर काढलं. तो खोडकर आहे, पण मनात काळं नाही.

पण तो करडी टोपीवाला कोण? तोंडातून शब्द नाही. बाकीचे वर काचांकडे माना करून उभे असताना हा थोट्या बाईसमोर. खिशातून दोन टोकांचं लोखंडी माप काढलं आणि तिच्या तुटक्या मनगटाचं माप घेतलं. मग दुसऱ्या, साबूत हाताचं. प्रत्येक बोटाचं. वहीत लिहून घेतलं. मी जवळ गेले तर काहीतरी पुटपुटला आणि मान हलवली. मीही मान हलवली, करणार काय? बघायला आलेला माणूस बघतो. माप घेतो तो नेण्याच्या तयारीनं आलेला असतो.

मी गावात सांगितलंय की शनिवारच्या पाहुण्यांनंतर मूर्ती दिसत नाही. फादरना निरोप गेलाय. पोलिसांत मी गेले नाही आणि तूही जाऊ नकोस. तू काहीच करू नकोस. मला कुणाच्या घरात शिरून झडत्या नकोत. एवढंच कर, की अशा माणसांना पुन्हा इथं आणू नकोस, आणि कुणी विचारलं तर सांग की त्या चर्चमध्ये आता बघण्यासारखं काही उरलेलं नाही.

अक्का


२९ सप्टेंबर

अक्का,

तुझं पत्र वाचल्यापासून माझं जेवणात लक्ष नाही. ही म्हणते, तोंड पाडून बसण्यापेक्षा छडा लाव. तू 'काही करू नकोस' म्हणतेस. असं कसं? माणसं मी आणली. माझ्या शब्दावर तू दार उघडलंस. मी हात झटकून बसलो तर उद्या तुझ्या गावात पाय ठेवता येईल का मला?

करडी टोपीवाल्याबद्दल सांगतो. फेब्रुवारीत ते मंडळात आले. कुणाच्या ओळखीनं, ते आता कुणालाच आठवत नाही, आणि हेच मला खटकतंय. आम्ही पाठीमागे त्यांना 'मौनी' म्हणतो. आठ महिन्यांत आठ वाक्यं बोलले असतील. नोकरी काय करत होता विचारलं तर 'लाकडाचं, चामड्याचं काम' एवढंच. घरी कोण आहे विचारलं तर 'मी आहे'.

आता परतीच्या बसचं ऐक. तू तिथं नव्हतीस, पण मला सगळं आठवतंय. निघायच्या वेळी मी मोजणी केली तर अकरा. मौनी नव्हते. दहा मिनिटांनी चर्चच्या बाजूनं येताना दिसले. 'मोजपट्टी राहिली होती,' म्हणाले. मांडीवर चामड्याची पिशवी. डॉक्टर म्हणाले, द्या, वर ठेवतो. तर पिशवी दोन्ही हातांनी धरली आणि 'नको' म्हणाले. सगळ्या रस्त्यात तिच्यावरून हात काढला नाही.

मी पिशवीचा अंदाज घेतलाय. कोपरापासून बोटांपर्यंतची वस्तू तीत आरामात मावते. मी काल कागदावर आकृती काढून बघितली.

एक सांग. आम्ही निघाल्यावर दार तू लगेच लावलंस का? किती वाजता? आणि दार लावताना मूर्ती जागेवर होती, हे तू डोळ्यांनी बघितलंस का? नक्की वेळ कळव, बाकी माझ्यावर सोड. ६ तारखेला मंडळाची बैठक आहे.

धाकटा


३ ऑक्टोबर

धाकट्या,

वेळ मी घड्याळ लावून बघितली नाही. दार लावलं, घरी आले. एवढंच.

तू आकृत्या काढत बसू नकोस. गेलेली वस्तू गेली. त्या माणसाला बैठकीत काही विचारू नकोस. तो चोर असेल तर कबूल करणार नाही, नसेल तर तुझ्या हातून पाप होईल. दोन्हीकडून तुझंच नुकसान. मोठी बहीण सांगते तेवढं ऐकावं.

इथं सगळे माझ्याकडे बघतात. 'तुझ्या भावाची माणसं' असं म्हणतात. शेजारीण तोंडावर म्हणाली, शहरातल्यांना दार सताड उघडून द्यायचं तर किल्ली कशाला हवी? मी ऐकू न आल्यासारखं केलं. बहिरेपणाचा तेवढा तरी उपयोग.

फादरनी वर कळवलंय म्हणे. त्यांना कुणी सांगितलं होतं कळवायला? मी नुसता निरोप दिला होता.

शांत बस.

अक्का


१२ ऑक्टोबर

अक्का,

मी शांत बसलो नाही. तुझं पत्र बैठकीच्या आदल्या दिवशी हातात पडलं. वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि बैठकीत मी बोललो.

वाटलं होतं, नाव न घेता बोलू. म्हटलं, आपण पाहून आलेल्या चर्चमधून एक मूर्ती गेली आहे आणि आपल्यापैकी कुणाला काही माहीत असेल तर इथंच सांगावं, बाहेर जाणार नाही. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, "आडून कशाला? यांच्या पिशवीत काय होतं ते यांनाच विचारा की." आणि अकरा माना मौनींकडे वळल्या. मीही विचारलं, "माप कशासाठी घेतलंत तुम्ही?" माझा आवाज मला नको होता इतका चढला.

ते उठले. टोपी घातली. खुर्ची टेबलाखाली नीट सरकवली, जशी होती तशी, आणि गेले. डॉक्टर म्हणाले, "झालं! चोराच्या मनात चांदणं." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही.

तीन दिवस तगमग झाली. बुधवारी दुपारी एकटाच त्यांच्या घरी गेलो. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. दार उघडून म्हणाले, "वाटलंच होतं, याल." बसायला सांगितलं. बाहेरच्या खोलीत पलंग आणि एक खुर्ची. आतली खोली म्हणजे कारखानाच. भिंतीला रंधे, कानशी, पटाशी, आणि फळीवर रांगेनं प्लॅस्टरचे हात. मनगटं, पंजे, एक लहान मुलाची मूठ. अक्का, मी घाबरलो. खोटं कशाला बोलू?

म्हणाले, "अडतीस वर्षं इस्पितळाच्या तळघरात होतो. यंत्रात, अपघातात ज्यांचे हात जातात त्यांना हात करून द्यायचो. लाकडाचे, चामड्याचे. नंतर प्लॅस्टिकचे आले, माझं काम संपलं."

मग कपाट उघडलं. मला वाटलं, आता मूर्ती निघणार. एका फडक्यात गुंडाळलेली एवढीशी वस्तू काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली. हात होता. माझ्या अंगठ्याएवढा लाकडी हात, पाचही बोटं जराशी वाकलेली, नखंसुद्धा कोरलेली.

"त्या मूर्तीचा?" मी विचारलं.

"तिच्या मापाचा. तुमच्या बहिणीला विचारून माप घेतलं. त्या हो म्हणाल्या."

"तिला ऐकू कमी येतं."

"असं होय," ते म्हणाले. "मीही हळू बोलतो. बसवणार नव्हतो मी. नुसता करून बघायचा होता. हात नसलेलं माणूस दिसलं की माझं मन आधी मापाकडेच जातं. सवय."

पिशवीत ती मापंच होती, आणि वहीत काढलेली चित्रं. दाखवली मला. चुरगळू नयेत म्हणून पिशवी धरून बसले होते.

मी उठलो. माफी मागावी असं वाटत होतं. तोंडातून निघालं ते एवढंच की 'गैरसमज झाला'. दारापाशी आलो आणि विचारलं, मूर्ती शेवटची कधी बघितली. त्यांनी तो लाकडी हात पुन्हा फडक्यात गुंडाळून ठेवला. मग म्हणाले, "पट्टी आणायला परत गेलो ना, तेव्हा. दार अर्धं उघडं होतं. तुमच्या बहिणीनं ती कोनाड्यातून काढली, शालीत गुंडाळली आणि खांद्याशी धरून मागच्या दारानं गेल्या. मला वाटलं, पुसायला नेत असतील. मग पट्टी न घेताच आलो."

मी म्हटलं, "अहो, मग बैठकीत सांगितलं का नाहीत?"

"तुमची बहीण आहे ना," म्हणाले. "एवढ्या लोकांसमोर कसं सांगायचं?"

अक्का, चार दिवस मी हे पत्र लिहितोय आणि फाडतोय. त्यांनी खोटं सांगितलं असेल, असाही विचार करून बघितला. खरं सांगतो, तसं निघालं तर बरं, असंच वाटत होतं. पण तू वेळ सांगितली नाहीस. पोलिसांत जायचं नाही म्हणालीस. 'बघण्यासारखं काही उरलेलं नाही असं सांग' म्हणालीस.

थोटी बाई कुठे आहे?

धाकटा


२५ ऑक्टोबर

अक्का,

तेरा दिवस झाले. तुझं उत्तर नाही. फोन केला तर तू 'ऐकू येत नाही' म्हणून ठेवलास. तुला ऐकू येत होतं.

मौनी मंडळात येत नाहीत. बाजारात डॉक्टर दिसले की रस्ता बदलतात म्हणे. मी अजून कुणाला काही सांगितलेलं नाही. सांगायचं तर तुझं नाव घ्यावं लागेल. तू सांग, मी काय करू?

धाकटा


४ नोव्हेंबर

धाकट्या,

थोटी बाई माझ्याकडे होती. तुझ्या भावजींच्या हिवाळी कोटात गुंडाळून कपाटात, वरच्या खणात. तुझ्या माणसानं बघितलं ते खरं.

त्या शनिवारी मी त्याला माप घेताना बघितलं. मला वाटलं, झालं, आता दोन महिन्यांत पत्र येणार आणि हिलाही काचेच्या पेटीत घालणार. तुम्ही बाहेर पडलात आणि मी तिथंच ठरवलं. ती जागेवर असलीच नाही तर नेतील काय? चोरीला गेली म्हटलं की कार्यालय नाद सोडेल. चार-पाच वर्षं जातील, मग एके दिवशी ती आपली कोनाड्यात परत. कोणी आणून ठेवली, देवालाच ठाऊक. असा माझा बेत. तो माणूस हेर आहे याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती, म्हणून त्याच्यावर आळ गेला तरी माझं मन खात नव्हतं. हेही खरंच लिहिते. तू त्याच्या मागे लागलास तेव्हा मात्र मी घाबरले. तुला थांबवायचं तर खरं सांगावं लागत होतं. ते मी केलं नाही. तुला 'शांत बस' लिहिलं आणि स्वतः शांत बसले.

तुझं बारा तारखेचं पत्र मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाचलं. तो लाकडी हात आणि 'तुमची बहीण आहे ना'. त्या दिवशी चूल पेटवली नाही.

तरीही मी लगेच बोलले नाही. का, तेही ऐक. बावीस तारखेला फादर कार्यालयाचं पत्र घेऊन आले. चोरी झाली म्हणजे चर्च असुरक्षित आहे, म्हणून उरलेल्या सगळ्या जुन्या वस्तू ताब्यात घेतो. दोन्ही पितळी मेणबत्तीदाण्या, जुनी नोंदवही, वेदीवरचा क्रूस. बारा नोव्हेंबरला गाडी येणार. बघ, मी वाघ अडवायला म्हणून कुंपण तोडलं.

आता माझा हिशोब बघ. गाडी येणार ती येणारच. सगळं नेणार. फक्त थोटी बाई त्यांच्या यादीत नाही, कारण ती चोरीला गेलेली आहे. मी गप्प राहिले तर ती एकटी गावात राहते. मी बोलले तर तीही जाते. तुझा तो माणूस शहरात आहे, मी त्याला पुन्हा बघणारही नाही. आणि गाव इथं आहे, रोजचं. बारा दिवस मी कपाटासमोर खुर्ची टाकून बसत होते. तिला विचारायची सवय, पण या गोष्टीत तिलाच कसं विचारणार?

शेवटी काल, रविवारी, मी कोट तसाच हातात घेतला आणि गेले. फादर उपदेश संपवून बसत होते. मी उठले. म्हटलं, "मला बोलायचंय." फादर म्हणाले, "नंतर बोलू." म्हटलं, "नंतर मी बोलणार नाही." कोट उघडला, तिला कोनाड्यात ठेवली. सगळ्यांसमोर सांगितलं की चोरी झाली नव्हती. मीच नेली, आणि ज्या माणसावर आळ घेतला त्याचा काही दोष नाही.

कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. बाहेर पडताना शेजारीण म्हणाली, "नेलीस ती नेलीस, परत कशाला आणलीस? आता तिलाही नेतील." मी म्हटलं, "एका माणसाचं नाव गेलं होतं." ती म्हणाली, "आपल्या गावचा होता का तो?"

दुपारी फादर किल्ली घ्यायला आले. त्यांना वाईट वाटत होतं. मी किल्ली पुसून दिली.

तू मंडळात सगळं सांग. माझं नाव घेऊन सांग.

अक्का


८ नोव्हेंबर

अक्का,

काल बैठकीत सांगितलं. तुझं पत्रच वाचून दाखवलं, हेराचं वाक्य न गाळता. मुख्याध्यापिका बाई रडल्या. डॉक्टर लालबुंद होऊन म्हणाले, "पण त्यांनीही बोलायला हवं होतं." मौनींची खुर्ची रिकामी होती. मी त्यांच्या दाराखालून चिठ्ठी सरकवली, की सगळा उलगडा झालाय, गैरसमज दूर झालाय, पुढच्या बैठकीला अवश्य या. उत्तर नाही.

बारा तारखेला मी तिकडे येऊ का? गाडी येईल तेव्हा तू एकटी उभी राहावीस असं मला वाटत नाही. आणि मनातलं सांगू? गप्प राहिली असतीस तर बाई वाचली असती. मी तुला 'कुठे आहे' असं विचारलं नसतं तर तू गप्प राहिली असतीस. हे माझ्या डोक्यातून जात नाही.

धाकटा


१६ डिसेंबर

धाकट्या,

तुला येऊ नकोस अशी तार केली, त्याचा राग मानू नकोस. मला एकटीनंच उभं राहायचं होतं. दोन माणसं आली. चांगली होती बिचारी. प्रत्येक वस्तू मऊ कापडात गुंडाळून खोक्यात ठेवली, पावती दिली. थोट्या बाईला मी माझ्या हातानं दिलं. खोक्यावर त्यांनी 'लाकडी स्त्रीमूर्ती, हात भग्न' असं लिहिलं. गावातलं दुसरं कुणी घराबाहेर आलं नाही.

त्यानंतरच्या रविवारपासून मी डावीकडच्या तिसऱ्या बाकावर बसते. नेहमीचीच जागा. त्या बाकावर पाच जण बसायचे. आता मी एकटी. कुणी काही बोलत नाही. येतात, बघतात आणि मागच्या बाकावर दाटीवाटीनं बसतात. चार रविवार असेच गेले. म्हटलं, पेरलं ते उगवलंय.

काल पाचवा. प्रार्थना सुरू झाली होती. दाराशी थंडीचा झोत आला तशी मी वळून बघितलं. करडी टोपी. टोपी काढून ते सरळ पुढे आले आणि माझ्या बाकावर, माझ्या शेजारी बसले. पहिल्या बसने निघाले असणार. शेवटपर्यंत ते समोर बघत राहिले, मीही.

संपल्यावर लोक उठले, पण गेले नाहीत. पायऱ्यांवर रेंगाळले. शेजारणीनं सहा आठवड्यांत पहिल्यांदा माझ्याशी तोंड उघडलं. "हे कोण?"

मी म्हटलं, "मी ज्यांना चोर ठरवलं ते हे." मोठ्यानं म्हटलं. मग त्यांच्याकडे वळून, सगळ्यांच्या देखत, माफी मागितली. 'गैरसमज' वगैरे शब्द मी वापरला नाही. म्हटलं, "तुमच्यावर मी खोटा आळ घेतला. मला माफ करा."

ते काहीतरी बोलले. मला ऐकू आलं नाही. मी कान पुढे केला. त्यांनी श्वास घेतला आणि या वेळी अख्ख्या पायऱ्यांना ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाले, "त्या दिवशी काचा बघायच्या राहून गेल्या. दाखवाल का?"

किल्ली आता गावच्या शाळेच्या बाईंकडे असते. त्यांनी ती कमरेची काढली आणि माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "दाखवून झालं की आणून द्या." तासभर मी त्यांना चर्च दाखवलं. रिकामा कोनाडासुद्धा. तिथं ते जरा जास्त थांबले. मग घरी आणलं, जेवायला घातलं. दोन वाजता बसपर्यंत सोडायला गेले. येतो म्हणाले, उन्हाळ्यात.

त्यांनी माझ्या कानांची चौकशी केली, तुझ्या भावजींबद्दल विचारलं, घंटा कुठल्या धातूची ते विचारलं.

तुझ्याबद्दल त्यांनी काही विचारलं नाही, धाकट्या. दिवसभरात एकदाही नाही. मीही विषय काढला नाही. माझ्या वाटची माफी मी मागून घेतली. तुझी तुलाच मागावी लागेल. तिसरा मजला आहे, गुडघा धरला असेल तर सावकाश चढ. पण चिठ्ठी टाकू नकोस.

अक्का